तीन मिलिमीटरचा फरक



कोजागरीच्या कार्यक्रमात मसाला दुधाचा पेला हातात घेऊन एका काकूंनी मला गाठलं. म्हणाल्या, "तू आपल्या अंकात दर महिन्याला लिहितेस ते मी वाचते हं. मोबाइलवरचे फसवे निरोप कसे ओळखायचे, ते तर आमच्या ह्यांना बसवून वाचून दाखवलं. पण तू स्वतः ऑफिसात काय करतेस, ते काही अजून लिहिलं नाहीस."

मी म्हटलं, "काकू, पूर आला तर पाणी कुठवर चढेल हे संगणकावर काढून बघायचा एक प्रोग्राम आहे. तो वेगवेगळ्या संगणकांवर नीट चालतो की नाही, ते मी तपासते."

काकू थबकल्या. "म्हणजे प्रोग्राम एकच, आणि संगणक बदलला की उत्तर बदलतं?"

इतका नेमका प्रश्न मला नोकरीच्या मुलाखतीतही कुणी विचारला नव्हता. तेव्हा हा महिना काकूंचा. आणि उत्तर म्हणून या जूनमध्ये माझ्याच बाबतीत घडलेली गोष्ट सांगते. ती सांगायला थोडी लाज वाटते, पण काकूंनी विचारलंय.

पुराचं गणित कशाला करायचं, हे हैदराबादकरांना सांगायची गरज नाही. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी कोपली, तेव्हा माझी पणजी आठ वर्षांची होती. तिने पाहिलेलं आजीने ऐकलं, आजीने सांगितलेलं मी ऐकलं. त्या पुरानंतर पुण्यात शिकलेल्या विश्वेश्वरय्यांना इथे बोलावलं गेलं, आणि त्यांच्या सल्ल्यातून पुढे १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर उभे राहिले. तरी २०२० च्या ऑक्टोबरात एका रात्रीत आपल्यापैकी किती जणांच्या घरात पाणी शिरलं, ते आठवत असेलच. पाऊस किती पडणार हे सांगणारे वेगळे. पडलेलं पाणी कुठल्या गल्लीत किती चढणार, हा आमचा विषय.

त्यासाठी गावाच्या नकाशावर चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकट समजा दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद. दहा किलोमीटर लांब आणि तितक्याच रुंद भागात अशा दहा लाख चौकटी होतात. प्रत्येक चौकटीत पाणी किती खोल आहे आणि कुठल्या दिशेला किती वेगाने चाललं आहे, एवढं लिहून ठेवायचं. मग घड्याळ किंचित पुढे सरकवायचं, आणि प्रत्येक चौकटीने शेजारच्या चार चौकटींना विचारायचं, "तुमच्याकडे पाणी किती?" जिथे पातळी जास्त तिथून पाणी कमीकडे जातं. हे किती आणि कसं जातं याची समीकरणं सां-व्हेनां या फ्रेंच अभियंत्याने १८७१ मध्ये मांडली. आम्ही अजून त्यांच्याच आधाराने जगतो.

घड्याळ किती सरकवायचं यालाही नियम आहे. एका पावलात लाटेने एका चौकटीच्या पलीकडे उडी मारता कामा नये, नाहीतर गणित वेडंवाकडं होऊन आकडे आकाशाला भिडतात. कुरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या तिघांनी हे १९२८ मध्ये, संगणक नव्हते तेव्हा दाखवून दिलं. दहा मीटर खोल पाण्यात लाट सेकंदाला जवळजवळ दहा मीटर धावते. म्हणजे दहा मीटरच्या चौकटीत आमचं पाऊल सेकंदापेक्षा लहानच हवं. तीन दिवसांचा पूर म्हणजे २,५९,२०० सेकंद. तितक्याहून जास्त पावलं, प्रत्येक पावलाला दहा लाख चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत डझनावारी गुणाकार-भागाकार. हे एकट्यादुकट्या संगणकाचं काम नाही, म्हणून आम्ही तासाच्या भाड्याने मोठी यंत्रं घेतो.

यंदा आमच्या कंपनीने यंत्रं बदलायचं ठरवलं. आतापर्यंत आपल्या लॅपटॉपमध्ये असतो त्या घराण्याचा प्रोसेसर वापरत होतो. आता आर्म घराण्याचा, म्हणजे आपल्या मोबाइलमध्ये असतो त्याचा थोरला भाऊ. भाडं कमी आणि वीज कमी. यंत्र बदललं की प्रोग्राम नव्याने कंपाइल करावा लागतो. आमचा प्रोग्राम फोरट्रान या भाषेत आहे. ही भाषा आयबीएमने १९५७ मध्ये आणली, आणि शास्त्रीय गणितात ती अजून ठणठणीत आहे. पण प्रोसेसरला फोरट्रान कळत नाही. त्याला त्याच्या बोलीत सूचना लागतात. हे भाषांतर करणारा जो प्रोग्राम, तो कंपायलर. तो हुशार दुभाषा असतो. शब्दाला शब्द ठेवत नाही, काम लवकर उरकेल अशी वाक्यं फिरवून मांडतो.

भाषांतर झालं की परीक्षा. आमच्याकडे चार मुख्य परीक्षा आहेत, आणि त्या मला माझ्या लेकीच्या गोष्टींइतक्या पाठ आहेत.

पहिली शांत तळ्याची. तळाशी खाचखळगे असलेलं तळं, वारा नाही, पाऊस नाही. प्रोग्राम कितीही वेळ चालवला तरी पाणी हलता कामा नये. सोपी वाटते, पण भले भले प्रोग्राम इथे नापास होतात. तळ्यात आपोआप लाटा उठतात.

दुसरी हिशेबाची. आत आलेलं पाणी, वजा बाहेर गेलेलं, बरोबर साठलेलं. थेंबाचा फरक चालणार नाही.

तिसरी बांधफुटीची. सपाट कोरड्या जमिनीवरचा बांध एका क्षणात नाहीसा झाला तर पाणी कसं धावेल, याचं कागदावरचं उत्तर रिटर नावाच्या जर्मन गृहस्थांनी १८९२ मध्ये काढून ठेवलंय. त्यात एक गंमत आहे. बांध होता त्या जागी पाण्याची खोली मूळ खोलीच्या ४/९ इतकी होते आणि तेवढीच राहते. बांधामागे नऊ मीटर पाणी असेल तर तिथे चार मीटर. आमच्या प्रोग्रामला चारच्या जवळ यावंच लागतं.

चौथी परीक्षा कालच्या उत्तराची. एका काल्पनिक खोऱ्यात पूर सोडायचा, दहा ठिकाणी पाण्याची खोली मोजायची, आणि जुन्या यंत्रावर आलेल्या उत्तराशी ताडून पाहायची. फरक एक दशांश मिलिमीटरपेक्षा कमी असला तर पास.

नव्या यंत्रावर पहिल्या तीन परीक्षा पास झाल्या. चौथीत दहापैकी नऊ ठिकाणं जुळली, अगदी बाराव्या दशांश स्थळापर्यंत. दहाव्या ठिकाणी तीन मिलिमीटरचा फरक आला.

शुक्रवारची संध्याकाळ होती. सोमवारी नवी आवृत्ती द्यायची होती. पावसाळा तोंडावर, गिऱ्हाइकं खोळंबलेली. आमच्या गटप्रमुखाने पडद्यावर नजर टाकली आणि म्हणाला, "अगं, तीन मिलिमीटर! जमिनीच्या उंचीच्या मोजणीतच आपली चूक वीतभर असते. पुरात तीन मिलिमीटर कोण मोजायला बसलंय? परीक्षेची मर्यादा पाच मिलिमीटर कर आणि घरी जा. यंत्र बदललं की राउंडिंगचा फरक येणारच."

त्याचं बोलणं अडाणीपणाचं नव्हतं, हे मुद्दाम सांगते. राउंडिंगचा फरक खरोखर येतो. तो कसा येतो ते आधी पाहू.

असा एक दुकानदार समजा, जो कुठल्याही रकमेचे पहिले तीनच आकडे लक्षात ठेवू शकतो. तुम्ही १०० रुपयांची भाजी घेतली आणि प्रत्येकी ४० पैशांच्या तीन गोळ्या. तो म्हणतो, १०० अधिक ०.४ म्हणजे १००.४, पण लक्षात राहणार १००. पुन्हा ०.४, पुन्हा १००. शेवटी बिल १०० रुपये. आता उलट क्रमाने करू. तीन गोळ्यांचे १.२, त्यात १०० मिळवले की १०१.२, लक्षात राहणार १०१. वस्तू त्याच, दुकानदार तोच, क्रम बदलला आणि बिल एका रुपयाने बदललं.

संगणक म्हणजे हाच दुकानदार, फक्त त्याला पंधरा-सोळा आकडे लक्षात राहतात. ते किती आणि कसे ठेवायचे याचा नियम १९८५ मध्ये ठरला. त्यासाठी झटलेल्या विल्यम काहान यांना १९८९ चं ट्यूरिंग पारितोषिक मिळालं. त्याआधी प्रत्येक कंपनीच्या यंत्राचा खाक्या वेगळा होता. नियम झाल्यावर बरंच सुधारलं, पण संपलं नाही. शिवाय संगणक दोनाच्या पटीत मोजतो, त्यामुळे आपला साधा ०.१ त्याला नेमका लिहिता येत नाही. आपल्या एक तृतीयांशासारखी त्याची कधी न संपणारी शेपटी होते, आणि ती कुठेतरी कापावी लागते. म्हणून ०.१ आणि ०.२ ची बेरीज तो ०.३०००००००००००००००४ अशी देतो.

आता एकच बेरीज चार प्रोसेसरांनी वाटून घेतली की चौसष्टांनी, यावर क्रम बदलतो. कंपायलरने वेगासाठी वाक्यं फिरवली की क्रम बदलतो. आर्म प्रोसेसरवर गुणाकार आणि बेरीज एका दमात करून शेवटी एकदाच आकडा छाटायची सोय आहे, आणि आमचा कंपायलर तिथे ती न सांगता वापरतो. जुन्या यंत्रावर आम्ही ती वापरत नव्हतो, तिथे दोनदा छाटलं जायचं. उत्तर किंचित बदलणार. उलट, एक छाटणी वाचल्यामुळे अशा एका पायरीपुरतं नवं उत्तर जास्त अचूक असतं.

हा किंचित फरक वाढूही शकतो. १९६१ मध्ये एडवर्ड लोरेंझ अमेरिकेत एमआयटीमध्ये हवामानाचा एक छोटा प्रोग्राम चालवत होते. मधूनच पुन्हा सुरू करायचा म्हणून त्यांनी छापील कागदावरचा आकडा टाइप केला, ०.५०६. संगणकाच्या पोटात तो ०.५०६१२७ असा होता. छपाईत तीनच आकडे उमटले होते. ते कॉफी प्यायला गेले आणि परतले तेव्हा आधी जुळणारं हवामान हळूहळू फाटत जाऊन पुढे अगदीच निराळं झालेलं. त्यातून पुढे सगळ्या जगाला ठाऊक झालेली फुलपाखराच्या पंखांची उपमा आली.

स्वित्झर्लंडमधल्या सर्नच्या मोठ्या कणवेगवर्धकासाठी लोकांच्या घरच्या संगणकांवर आकडेमोड होई, तिथेही हाच घोळ झाला. प्रोटॉनच्या लाखो फेऱ्या मोजायच्या, आणि एकच काम दोन संगणकांना देऊन उत्तरं ताडून पाहायची. प्रोसेसर वेगळे असले की उत्तरं जुळेनात. कारण निघालं घातांक आणि लॉगॅरिदमसारखी फलं काढणाऱ्या तयार प्रोग्राममध्ये. ती फलं सगळीकडे अगदी एकसारखी छाटणारा संच बसवला, तेव्हा गाडी रुळावर आली.

मग फरक नेहमीचा की काळजीचा, हे कसं ओळखायचं? अमेरिकेतल्या बोल्डरच्या हवामान संशोधन केंद्रातल्या मंडळींची रीत मला आवडते. ते आपलं मॉडेल खात्रीच्या यंत्रावर पुष्कळ वेळा चालवतात, आणि दर वेळी सुरुवातीचं तापमान चौदाव्या दशांश स्थळाच्या आसपास कणभर हलवतात. त्या सगळ्या उत्तरांचा पसारा किती होतो ते आधी बघून ठेवतात. नव्या यंत्राचं उत्तर त्या पसाऱ्यात बसलं तर ठीक. नाही बसलं तर शोध सुरू. म्हणजे फरक किती मोठा आहे एवढंच बघत नाहीत, तो आपल्या ओळखीचा आहे का ते बघतात.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही त्या शुक्रवारी मी मर्यादा पाच मिलिमीटर केली. परीक्षा पास झाली, पडद्यावर हिरवी खूण आली. मी लॅपटॉप बंद करून घरी आले.

बाबा काचीगुड्याच्या जुन्या घरातून दोन दिवस आमच्याकडे राहायला आले होते. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली. जेवताना मी सहज म्हटलं, "बाबा, आज एक फरक निघाला, पण अगदीच किरकोळ."

बाबांनी घास खाली ठेवला. "नऊने भाग जातो का?"

मी हसले. हा त्यांचा ठरलेला प्रश्न. संध्याकाळी हिशेब जुळला नाही की ते आधी फरकाला नऊने भागून बघत. भाग गेला तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असण्याचा संभव. ५४ चे ४५ लिहिले तर फरक ९. ७२० चे २७० लिहिले तर ४५०, त्यालाही नऊने भाग जातो. चूक कुठे शोधायची ते फरकच सांगतो, असं त्यांचं म्हणणं.

"नाही हो बाबा, हे तसलं नाही. मी मर्यादा थोडी सैल केली, झालं जुळून."

बाबा जरा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. १९७८ साल, अदिलाबाद जिल्ह्यातली एक शाखा. बाबा नवे, काउंटरवर बसायला लागून महिनाही झाला नव्हता. संध्याकाळी रोकड दहा रुपयांनी कमी भरली. शेवटची बस सुटायची वेळ झालेली. त्यांनी खिशातली दहाची नोट काढून पेटीत टाकली. हिशेब जुळला. बस मिळाली.

"दुसऱ्या दिवशी एक शेतकरी आला. कर्जाचे पैसे नेले होते त्याने आदल्या दिवशी. गड्डीत शंभराच्या एका नोटेच्या जागी दहाची नोट गेली होती. नव्वद रुपये कमी. मी म्हटलं, असं कसं होईल, काल माझा हिशेब जुळलाय. हेड कॅशिअर उठून आले. त्यांनी मला एवढंच विचारलं, जुळला की जुळवला?"

झालं होतं असं, की त्या शेतकऱ्याला नव्वद कमी गेले होते आणि दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला चिकटलेली शंभराची नोट जास्त गेली होती. दोन मोठ्या चुका एकमेकींना खाऊन दहा रुपयांवर आल्या होत्या. त्या रात्री दहा रुपयांचा फरक वहीत तसाच ठेवला असता, तर सकाळी शोध झाला असता. बाबांनी तो खिशातून भरला आणि शेतकऱ्याला खोटं ठरवायची वेळ आणली.

"फरक लहान असला म्हणजे चूक लहान असते, असं नाही गं," बाबा म्हणाले, आणि ताक ओतून घेतलं.

लेक झोपल्यावर मी लॅपटॉप उघडला. बाबांच्या नवाच्या युक्तीसारखं काहीतरी मला हवं होतं. मी फरकाच्या आकाराकडे बघणं सोडून त्याच्या वागण्याकडे बघायला लागले. राउंडिंगचा फरक असता तर तो दहाही ठिकाणी थोडा थोडा पसरला असता. इथे नऊ ठिकाणं स्वच्छ, आणि सगळा फरक एकाच ठिकाणी. ते दहावं ठिकाण नकाशाच्या अगदी कडेला होतं.

मग मी तोच प्रोग्राम, त्याच यंत्रावर, एकाच प्रोसेसरवर पुन्हा चालवला. फरक तीन मिलिमीटर नाही, साडेचार आला. पुन्हा चालवला, दोन आला. तेव्हा पोटात गोळा आला. आमच्या प्रोग्राममध्ये नशिबाचा भाग कुठेच नाही. एकच दुकानदार, त्याच वस्तू, तोच क्रम, तर चूकसुद्धा दर वेळी तीच यायला हवी. राउंडिंग लहरी नसतं. जे दर वेळी बदलतं ते राउंडिंग नव्हेच.

कंपायलरमध्ये एक सोय असते. तो प्रत्येक यादी वाचताना पहारा ठेवतो, आणि यादीच्या बाहेर कुणी डोकावलं तर ओळीचा क्रमांक सांगून थांबतो. प्रोग्राम त्यामुळे खूप मंदावतो, म्हणून एरवी ती बंद ठेवतात. मी ती चालू करून पुन्हा कंपाइल केलं. काही मिनिटांत प्रोग्राम थांबला आणि ओळीचा क्रमांक समोर आला.

पाणी नकाशाबाहेर वाहून जाऊ शकेल अशी कड आम्ही काही ठिकाणी मोकळी ठेवतो. तिथे शेवटच्या चौकटीने पलीकडे आपल्याइतकंच पाणी आहे असं धरून चालायचं असतं. प्रोग्राममध्ये मात्र ती चौकट यादीच्या एक घर पुढे जाऊन, जे आपलं नाहीच अशा जागेतला आकडा वाचत होती. शेजारच्या घराच्या खिडकीत डोकावून तिथे जे दिसेल ते आपलं म्हणायचं, तसा प्रकार. नव्या यंत्रावर तिथे दर वेळी वेगळाच कचरा सापडत होता. आणि जुन्या यंत्रावर तिथे नेहमी शून्य असायचं.

हे शून्य म्हणजे खरी गोम होती. शून्य म्हणजे पलीकडे कोरडी जमीन. म्हणजे जुन्या यंत्रावर कडेचं पाणी हवं त्यापेक्षा जास्त वेगाने बाहेर ओतलं जात होतं, आणि मागची पातळी खाली बसत होती. दर वेळी तेवढीच, इमानेइतबारे. म्हणून कुणाला शंका आली नाही. हिशेबाच्या परीक्षेत ते पाणी "बाहेर गेलेलं" म्हणून नोंदलं जायचं, त्यामुळे हिशेबही जुळायचा. शांत तळ्याला मोकळी कड नाही. बांधफुटीच्या परीक्षेत पाणी कडेपर्यंत पोचण्याआधीच वेळ संपते. आणि चौथी परीक्षा तर कालच्या उत्तराशी ताडून पाहते. कालचंच उत्तर चुकलेलं असेल तर ती बिचारी काय करणार?

ही ओळ कधी आणि कुणी लिहिली, हे बघायची एक आज्ञा असते. तिचं नाव ब्लेम, म्हणजे ठपका. मी ती चालवली. दोन वर्षांपूर्वीची तारीख आली, बाळंतपणाच्या रजेवर जाण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यातली. आणि नाव माझं.

रात्रीचा दीड वाजला होता. पहिला विचार आला तो खरा सांगते. ओळ दुरुस्त करायची, चौथ्या परीक्षेचं उत्तर नवं लिहायचं, आणि गप्प राहायचं. एका अक्षराची दुरुस्ती. कुणी विचारलंही नसतं.

पण या दोन वर्षांत याच प्रोग्रामने काढलेले नकाशे बाहेर गेले होते. शनिवारी सकाळी मी गटप्रमुखाला फोन केला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मोकळ्या कडेचे नकाशे किती?" आम्ही दोघांनी शनिवार-रविवार बसून यादी काढली. सात निघाले. सातही दुरुस्त प्रोग्रामवर पुन्हा चालवले. परीक्षेतला पूर दहा मिनिटांचा होता, तिथे फरक मिलिमीटरचा. खरे पूर दोन-तीन दिवसांचे. सहा नकाशांत फरक नगण्य निघाला, कारण कडेला वस्तीच नव्हती. सातव्यात, नदीकाठच्या एका लहान गावाच्या नकाशात, कडेजवळ अकरा सेंटिमीटर पाणी जास्त आलं. आधीच्या नकाशात पाणी जिथे उंबऱ्याखाली थांबत होतं, तिथल्या एका ओळीतल्या घरांत ते आता आत शिरत होतं.

सोमवारी आवृत्ती गेली नाही. त्याऐवजी त्या गिऱ्हाइकाला पत्र गेलं, जुना नकाशा कसा चुकला, कुणामुळे आणि नवा कुठे वेगळा आहे. पत्र गटप्रमुखाने लिहिलं. त्यात माझं नाव नव्हतं, "आमच्याकडून" असं होतं. पलीकडून चार कडक ओळींचं उत्तर आलं, आणि शेवटी एक वाक्य होतं, की पावसाळ्याआधी कळवलंत हे बरं केलंत. बोलणी खावी लागली, ती खाल्ली. आवृत्ती बारा दिवस उशिरा गेली.

आता आमच्याकडे पाचवी परीक्षा आहे. मोकळ्या कडेचं खोरं, मोठा पूर, पहारा चालू ठेवून, आणि एकच गोष्ट तीनदा चालवायची. तिन्ही उत्तरं शेवटच्या आकड्यापर्यंत एकसारखी आली नाहीत तर नापास. चौथ्या परीक्षेची मर्यादा पुन्हा एक दशांश मिलिमीटर आहे. ती बदलायची असेल तर दोघांच्या सह्या लागतात, आणि का बदलली ते लिहावं लागतं. शिवाय दोन वेगळ्या कंपायलरांवर आणि दोन्ही घराण्यांच्या प्रोसेसरवर रोज रात्री सगळ्या परीक्षा आपोआप होतात. आधी मला हा खर्च वायफळ वाटायचा. जुन्या यंत्रावर ती चूक आणखी दहा वर्षं शून्याच्या पदराआड सुखाने राहिली असती. घर बदललं तेव्हा कपाटामागची ओल दिसली.

तर काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. हो, संगणक बदलला की उत्तर किंचित बदलतं, आणि बहुतेक वेळा त्यात काळजीचं काही नसतं. बहुतेक वेळा. उरलेल्या वेळांसाठी मला पगार मिळतो.

बाबांना मी सगळं सांगितलं, ब्लेमसकट. त्यांनी सातव्या नकाशातलं ते गाव कुठलं, ते विचारलं. मी म्हटलं, नाव सांगता येणार नाही. मग म्हणाले, "बरं. आणि त्या घरांना कुणी सांगितलं का?" मी पत्राबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "पत्र ऑफिसात गेलं. घरांना कुणी सांगितलं का?"

हे माझ्या हातात नाही, असं मी म्हटलं. पण गेल्या आठवड्यात मी त्या कार्यालयात पुन्हा फोन लावला आणि विचारलं. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, ग्रामपंचायतीच्या फलकावर नवा नकाशा लागला आहे. त्याचा फोटो पाठवा म्हटलं. अजून आलेला नाही. सोमवारी पुन्हा लावते.

पुढच्या महिन्यात भेटूच.